भिंतीपासून हातभर

काम बघायला म्हणून मे महिन्यातल्या एका संध्याकाळी आक्काच्या घरी गेलो, तर पहिली नजर गेली ती फरशीवर. ही गवंड्याची खोड. माणसाशी बोलायच्या आधी आम्ही त्याच्या घराचा ओळंबा बघतो, भेगा बघतो, फरशीचा उतार बघतो. आक्काच्या लोखंडी खाटेच्या पायांनी फरशीवर गंजाचे तांबूस गोल उमटवले होते, दोन जोड. एक जोड पश्चिमेच्या भिंतीला चिकटून, दुसरी हातभर अलीकडं. दिवसा खाट भिंतीला लावायची आणि रात्री हातभर ओढून घ्यायची, असं बरीच वर्षं चाललेलं असणार.

“भित भाजती रातीला,” आक्का म्हणाली. “जवळ झोपलं की तव्याम्होरं बसल्यावानी हुतं.”

मी भिंतीवर तळहात ठेवला. साडेआठ वाजले होते. बाहेर वारं सुटलं होतं, अंगण निवायला लागलं होतं, आणि आतली भिंत मात्र ऐन भरात आली होती. हात ठेवून विसापर्यंत मोजलं आणि काढून घेतला. थर्मामीटर माझ्याकडं आहे, पण पहिलं माप मी हातानंच घेतो. समोरच्या माणसाला आकड्यापेक्षा हात लवकर पटतो.

भिंत सहा इंची भरीव ब्लॉकची, आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा. असलं सहा-सात इंचाचं काँक्रीट ओलांडायला उष्णतेला चार-पाच तास लागतात. दुपारी चारच्या सुमाराला पश्चिमेचं ऊन भिंतीवर समोरून येतं. ते आत पोचतं आठ-नऊला. म्हणजे जेवणं उरकली, भांडी घासून झाली, अंथरूण टाकलं, की नेमकी त्याच वेळी भिंत दिवसाची उधारी फेडायला बसते. आडाखे बांधून कुणी मुद्दाम ठरवलं असतं तरी झोपेच्या वेळेला इतकी अचूक गाठणारी जाडी त्याला सापडली नसती. आणि सबंध तालुक्यात आम्ही हीच जाडी बांधत सुटलोय. त्यातल्या कित्येक भिंती माझ्या हातच्या आहेत.

आमच्या गावाचं नाव ईट. भूम तालुक्यातलं, बालाघाटाच्या पठारावरचं गाव, बीड जिल्ह्याच्या कडेला. हा सगळा पट्टा दुधाचा आणि खव्याचा. नाव ऐकून बाहेरच्या माणसाला वाटतं की इथं विटांच्या भट्ट्या धगधगत असतील. भट्ट्या आहेत, पण खव्याच्या. विटेसाठी आमच्याकडची काळी माती कामाची नाही. ती पाण्यानं फुगते, उन्हानं तडकते, आणि भाजली तरी वीट ठिसूळच निघते. चांगली वीट आणायची तर लांबून, आणि भाड्यातच माणूस बुडतो. उलट काळा दगड पायाखाली हवा तेवढा. खडीच्या मशिनी आल्या, खडीबरोबर कच निघायला लागली, आणि कचेत सिमेंट कालवून ब्लॉक पाडणं हा रस्त्याकडेचा धंदा झाला. ईटमध्ये ईट मिळत नाही, ब्लॉक मिळतो, असं आम्ही गवंडी आपसात म्हणतो.

ब्लॉकला मी नावं ठेवणार नाही. सरळ असतो, भिंत भराभर उठते, गरिबाला परवडतो. घरकुलाला सरकार द्यायचं १ लाख २० हजार, आणि घर किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे २६९ चौरस फुटांचं हवं. एवढ्या पैशात भिंत जाड करायला कोण धजावणार? जाडी म्हणजे माल, आणि आतली जागा कमी. त्यात पाणी मारायची बोंब. ज्या साली लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या २०१६च्या उन्हाळ्यात आम्ही भिंती उभ्या करत होतो आणि त्यांना मारायला पाणी नव्हतं. माणसांना प्यायला टँकर, तिथं ब्लॉकला कोण विचारतो? न भिजलेला ब्लॉक नंतर आक्रसतो, गिलाव्याला केसासारख्या भेगा देतो. अशा भेगा बघितल्या की मला भिंतीचं साल सांगता येतं.

माझे वडील, आण्णा, दगडाचे गवंडी. त्यांनी बांधलेल्या आणि दुरुस्त केलेल्या भिंती दोन-अडीच फूट जाडीच्या, वर माळवद. लाकडी खांब, तुळया, त्यावर फळ्या किंवा काटक्या, आणि त्यावर पांढरी माती. दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडाला मातीचा नवा थर पडायचा, जुना कुणी काढायचं नाही. असं करत करत छपरावर दीड-दोन फूट माती साचायची. अशा घरात भर उन्हात शिरलं की अंगावरून गार पदर फिरल्यासारखं वाटायचं. आम्ही पोरं दुपारी ढेलजेत लोळायचो, आणि भिंतीला पाठ लावून बसायची जागा मिळावी म्हणून भांडायचो.

मग ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बुडवून रात्री उशिरा लोक झोपले, आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. भूकंपाचं केंद्र किल्लारीकडं, आमच्यापासून बरंच लांब, तरी माळवदातून माती गळली, भांडी वाजली, आम्ही सगळे बाहेर पळालो. सकाळी कळायला लागलं की लातूर जिल्ह्यातल्या औशाकडची आणि आपल्या जिल्ह्यातल्या उमरगा-लोहाऱ्याकडची सास्तूरसारखी गावं झोपेतच गाडली गेली. आण्णा चौथ्या दिवशी तिकडं मदतीला गेले. परत आले ते बोलेनात. आठ-दहा दिवसांनी रात्री जेवताना एकच वाक्य बोलले, “आपल्याच हातच्या भिंती हायत्या त्या.”

त्यांनी तिथं एकही घर बांधलेलं नव्हतं. पण बांधायची रीत तीच होती. भिंतीला आतून एक तोंड, बाहेरून एक तोंड, आणि मधे चिखलात गोटे भरलेले. दोन्ही तोंडांना जोडणारा आरपार दगड घालायला हवा तो कुणी घालायचं नाही, कारण तेवढा लांब दगड घडवायला वेळ जातो. हादरा बसला तशी तोंडं एकमेकांपासून सुटली, भर खाली बसली, आणि वरची टनावारी माती माणसांवर आली. ज्या घरांत छपराचा भार लाकडी खांबांवर होता, त्यातली काही घरं भिंती ढासळूनही सांगाड्यावर उभी राहिली, हेही आण्णांनी पाहिलं. पुढं सरकारचा मजबुतीकरणाचा कार्यक्रम आला, जागतिक बँकेच्या पैशातून. त्यात आण्णा भिंतीला आरपार भोकं पाडून, त्यात सळईचा आकडा घालून काँक्रीट भरायला शिकले. माळवदावरची माती उतरवायलाही. त्या कामावर मी त्यांचा बिगारी होतो, वय सतरा.

पण लोकांना दुरुस्ती नको होती. त्यांना दगडच नको होता. ५२ गावं नव्या जागी उठवली, तिथं ब्लॉकची, स्लॅबची घरं झाली, आणि जिथं एक दगड पडला नव्हता अशा आमच्यासारख्या गावांतही माणसं जाड भिंतीकडं सापाकडं बघावं तशी बघायला लागली. अंगणात पत्र्याचे शेड उभे राहिले. वाडे विकले गेले ते दगडाच्या भावानं. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत पातळ भिंत म्हणजे सुरक्षित, पातळ भिंत म्हणजे शहाणपण, असं पक्कं डोक्यात बसलं. त्यात चूक काय होती हे मला फार उशिरा कळलं. माणसं मेली ती वजनाखाली, आणि एकमेकांना न बांधलेल्या दोन तोंडांमुळं. जाडीचा त्यात काही गुन्हा नव्हता. आम्ही भीतीपोटी वजनाबरोबर जाडीही टाकून दिली. आता उन्हाळ्यात लोक मला बोलावतात ते ती टाकून दिलेली जाडी परत लावून घ्यायला. मात्र या खेपेला ती बिनवजनाची पाहिजे.

बिनवजनाची जाडी म्हणजे काय, हे बघायचं तर आमच्याच जिल्ह्यात तेरला जावं. गोरोबाकाकांचं तेर. तिथल्या जुन्या बांधकामांत पाण्यावर तरंगणाऱ्या विटा सापडल्या आहेत. मातीत भाताचं तूस कालवून वीट भाजली की तूस जळून जातं आणि त्याच्या जागी बारीक बारीक पोकळ्या राहतात. वीट हलकी होते ती त्या कोंडलेल्या हवेमुळं, आणि उष्णता अडते तीही त्याच हवेमुळं. वाहती हवा उष्णता घेऊन पळते, कोंडलेली हवा तिला वाट देत नाही. आज पुण्याकडून येणारा पांढरा हलका ब्लॉक, ज्याला जुने मिस्त्री अजून सिपोरेक्सच म्हणतात, तो याच जातीचा. सिमेंट-चुन्यात अॅल्युमिनियमची पूड घालून तो भाकरीसारखा फुगवतात. त्याचा तुकडा हौदात टाकला तर तोही तरंगतो. सिपोरेक्स हे नाव स्वीडनचं. मी तेरची आठवण काढली की दुकानदार हसतो, पण विटेत हवा कोंडायची अक्कल आमच्याकडं हजारावर वर्षांपूर्वी होती एवढं खरं.

आता एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण इथंच माझ्यासकट सगळे फसतात. आण्णांची दगडी भिंत उष्णता अडवत नव्हती. काळा दगड उष्णता बऱ्यापैकी वाहून नेतो. पण अडीच फूट जाडीतून आजचं ऊन आत यायला इतका उशीर लागायचा की मधे रात्र येऊन जायची, आणि भिंत दिवस-रात्रीची सरासरी धरून बसायची. ती भिंत नुसता उशीर करायची. थर्मोकोल उशीर करत नाही, तो अडवतो. भरीव काँक्रीटच्या मानानं तो उष्णतेला सुमारे चाळीस पट जड जातो, म्हणजे दोन इंची थर्मोकोल आणि सहा-साडेसहा फूट काँक्रीट एकाच पंक्तीला बसतात. हे वाचून मला २०१७ साली फार आनंद झाला होता.

त्या आनंदात मी पहिला प्रयोग स्वतःच्या घरात केला, आणि चुकलो. बार्शीहून थर्मोकोलच्या शीट आणल्या, झोपायच्या खोलीच्या पश्चिम भिंतीला आतून चिकटवल्या, वर बोर्ड मारला. पहिले आठ दिवस मी येणाऱ्या-जाणाऱ्याला भिंतीवर हात ठेवायला लावत होतो. नवव्या दिवशी बायको म्हणाली, “भिंत गार आहे, पण खोली कुठं गार आहे?” तिचं खरं होतं. भरीव भिंत तापते तशी पहाटेच्या वाऱ्यानं निवतेही, आणि सकाळपासून माणसांची, टीव्हीची, छपराची ऊब मुकाट पिऊन घेते. ती भिंतच मी थर्मोकोलच्या मागं कोंडली. आता ऊब प्यायला खोलीत काही उरलं नव्हतं. दार उघडलं की खोली लगेच तापायची. शिवाय लिंटेलचा पट्टा आणि कोपऱ्याचा कॉलम मी तसेच सोडले होते. रात्री त्यावर हात ठेवला तर तापलेली पट्टी थेट बोटाला कळायची, जणू भिंतीनं बंद दाराला फट शोधून काढली होती. खुंटी ठोकायची सोय नाही, कोनाडा गेला. आणि बोर्डामागं उंदीर शिरला. रात्री तो थर्मोकोल कुरतडायचा तो आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांनाच माझं दुःख समजेल.

माझी सासू गोधड्या शिवते. तिनं सगळं बघून एवढंच विचारलं, “जावईबापू, गोधडी पांघरायची असती का गिळायची?”

तेव्हापासून मी आतून काही लावत नाही. भरीव भिंत घराच्या बाजूला, पांघरूण उन्हाच्या बाजूला. पुढं एका गुरुजींच्या घरी बाहेरून थर्मोकोल लावला. भिंत घासून धुतली, पोपडे खरवडले, चिकटवायच्या मसाल्याचे गोळे देऊन शीट बसवल्या, सांधे एकावर एक येऊ दिले नाहीत, टोपीच्या खिळ्यांनी आवळल्या, वर जाळी आणि दोन हातांचा पातळ गिलावा. थर्मोकोल उघडा ठेवायचाच नाही. ऊन त्याला पिवळा करून भुगा पाडतं आणि आग लागली तर तो वितळून पेटतो, धूर काळाकुट्ट. जाडी वाढली तशा खिडक्या आत गेल्या, छज्जा तोकडा पडला. मग उंबऱ्याची फरशी पुढं काढा, छज्ज्याला नाक द्या, पाईप पुढं घ्या, अशी कामाला कामं निघाली. जुन्या घराला नवा सदरा शिवताना काखेत नेहमीच ताणतं.

तिथंही एक चूक राहिली. थर्मोकोल मी थेट जमिनीपर्यंत उतरवला होता. दुसऱ्या पावसाळ्यात गुरुजींनी बोलावलं. गिलाव्याच्या खालच्या कडेतून पांढरा भुगा सांडत होता. मुंग्यांनी आत वसाहत केली होती. हवा कोंडलेली, ऊबदार, कोरडी, खायला कुणी येत नाही. मुंगीला याहून चांगलं घरकुल कुठं मिळणार? खालचा फूटभर कापून काढला, जोत्यापासून वरच कड बांधली. तेव्हापासून जमीन आणि पांघरूण यांत वीतभर तरी उघडी भिंत ठेवतो, म्हणजे कोण चढतंय ते दिसतं.

आक्काच्या घरी मी एवढं सगळं डोक्यात घेऊन गेलो होतो. तिचा मुलगा पुण्यात कंपनीत. फोनवर म्हणाला, “मिस्त्री, एसीच बसवून टाकू का?” मी म्हटलं, आधी पांढरं करू, मग बोलू. कारण भिंतीच्या आधी छप्पर. एकमजली घरात सगळ्यात जास्त ऊन स्लॅब खातो. मेच्या मध्याला आमच्याकडं सूर्य बरोबर डोक्यावर येतो, भर दुपारी काठी उभी केली तर तिची सावली तिच्याच बुडाखाली जाते. त्यामुळं त्या दिवसांत दक्षिणेची भिंत जवळजवळ निर्दोष असते. ऊन मारतं ते छपराला, सकाळी पूर्वेला आणि दुपारनंतर पश्चिमेला. चारही भिंतींना पांघरूण घालून दर लावणारे ठेकेदार येतात हल्ली. दक्षिणेच्या भिंतीचे पैसे वाचवा, असं मी गिऱ्हाईकाला सांगतो आणि ठेकेदाराच्या शिव्या खातो.

स्लॅब झाडून घेतला, भेगा भरल्या, चुन्याच्या निवळीत थोडा फेविकॉल घालून दोन हात मारले. हे काम आक्काच्या नातवानं आणि मी एका सकाळी संपवलं. त्या रात्रीपासून वरची धग कमी झाली. उरली ती भिंत.

चौदा फूट लांब, दहा फूट उंच. मी थापीच्या दांड्यानं ब्लॉक वाजवत गेलो. गोरोबाकाका थापटण्यानं संतांची डोकी वाजवून कच्चं-पक्कं मडकं ओळखायचे म्हणतात. भिंतीच्या बाबतीत ती विद्या आम्हाला यावीच लागते. कुठं ब्लॉक पोकळ, कुठं भरीव, कुठं गिलावा सुटलाय, हे आवाजात कळतं. इथं गिलावा खालच्या तीन फुटांत भदभद वाजत होता, ओल चढलेली. असल्या भिंतीवर थर्मोकोल चिकटवणं म्हणजे ओल आत कोंडणं. बाहेरून तीन इंची सिपोरेक्सची दुसरी भिंत उठवावी, मधे दोन बोटं फट सोडावी, असंही मनात आलं, पण तिला पाया लागतो, आणि पायाला पैसा. मुलानं आकडा ऐकला आणि गप्प झाला.

आणि मग परसात बघितलं तर तुराट्यांचा ढीग. तूर काढून झाल्यावर सरपणाला रचून ठेवलेला.

“आक्का,” मी म्हटलं, “या भितीला बाहेरून कूड घालू या का?”

आक्का माझ्याकडं बघतच राहिली. “कूड?” तिनं आवाज खाली घेतला, शेजारी ऐकतील म्हणून. “सारा जन्म कुडाच्या घरात काढला. मुलानं हाडाची काडं करून पक्कं घर बांधलं. आन् आता पक्क्या घराला कूड? लोक म्हन्तील म्हातारीला घर लाभलं न्हाई.”

माझ्याकडं याला उत्तर नव्हतं, अजूनही पुरतं नाही. थर्मोकोल पांढरा, शहरातून टेम्पोनं येतो, म्हणून त्यात मान आहे. तुराट्यांत आणि मातीत मान नाही, कारण त्या फुकट आहेत आणि आपण त्यातून वर आलोय. ही लाज खोटी नाही, तिच्यामागं चिखलात गेलेल्या पावसाळ्यांचा हिशोब आहे. मी तेवढंच म्हणालो की घर पक्कंच राहील, कूड म्हणजे घराची सावली. वरून पांढरा चुना मारून देतो, रस्त्यावरून बघणाऱ्याला भिंतच वाटेल. दोन दिवसांनी नातू बोलवायला आला.

जोत्यापासून फूटभर वर, घराच्या भिंतीपासून वीतभर बाहेर, तीन लोखंडी अँगल उभे केले आणि मोजक्या जागी भिंतीला पट्ट्यांनी धरले. त्यावर आडव्या बांबूच्या कांबी, आणि कांबींना तुराट्या उभ्या, शेंडा-बुडखा उलटसुलट करून, तारेनं घट्ट आवळलेल्या. सुतळीनं बांधलं तर उंदीर वर्षात सोडवतो. जुन्या पांढरीची माती आणून तिच्यात सोयाबीनचं भुस्कट कालवलं, पाणी घालून आठ दिवस कुजवत ठेवली. रोज सकाळी पायानं तुडवायची. वास येतो, सहन करावा लागतो. कुजलेल्या भुस्कटाचा चिकटा मातीला धरून ठेवतो, मग ती तडकत नाही. शेण घालून पहिला हात आतल्या बाजूनं, कारण नंतर तिथं हात पोचत नाही, आणि आगीची भीती असते म्हणून एकही तुराटी उघडी राहू द्यायची नाही. नंतर बाहेरून दोन हात. इतकी वर्षं सिमेंट हाताळल्यावर मातीचा गिलावा हाताला फार मऊ लागला. सिमेंट बोटं खातं. संध्याकाळी माझी बोटं कधी नव्हे ती ओली आणि नरम होती.

कुडाला तळाशी आणि माथ्याशी फट ठेवली. दोन्हीकडं बारीक जाळी, नाहीतर गारव्याला साप येऊन बसतो आणि मग म्हातारी मला जन्मभर बोलेल. वर छज्ज्याला पत्र्याची पट्टी जोडली, कारण आमच्याकडं पावसाची झड नैऋत्येकडून येते आणि माती धुऊन नेते. तरी ती जाणारच. मातीच्या कामाला दर वर्षी एक हात लागतो. थर्मोकोलवाला ‘पुन्हा बघायला नको’ म्हणून विकतो. मला स्वतःला वर्षातून एकदा भिंत बघायला लावणारं काम बरं वाटतं, पण हे गिऱ्हाईकाला सांगून पटत नाही.

काम झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला मी नातवाला उदबत्ती आणायला सांगितली. तळाच्या फटीशी धरली. धूर थोडा घुटमळला आणि मग सरळ आत ओढला गेला. थोड्या वेळानं माथ्याच्या फटीतून छज्ज्याखाली निघाला. उन्हानं कूड तापतो, मधली हवा तापून वर चढते, खालून दुसरी आत येते, आणि भिंतीपर्यंत पोचायच्या आधीच बरीचशी धग वरून निघून जाते. तेरच्या विटेत हवा कोंडून काम होतं, इथं ती वाहती ठेवून. मघाशी मी कोंडलेल्या हवेचे गोडवे गायले होते, ते या ठिकाणी मागं घेतो. खव्याच्या भट्टीवर आयुष्य गेलेला शेजारी बघत उभा होता. तो म्हणाला, “धुराड्यासारखंच की.” त्याला एका वाक्यात समजलं.

एक पथ्य मात्र आक्काला घालून दिलं. खिडक्या रात्री सताड उघड्या, सकाळी नऊच्या आत बंद. पांघरूण घातलेलं घर थर्मासासारखं असतं. पहाटेचा गारवा भरला तर गारवा टिकतो, दुपारची लाही भरली तर तीच टिकते. पहिल्या आठवड्यात ती दिवसभर दारं उघडी टाकून बसायची, वारं येतंय म्हणून. चाळीसच्या वर गेलेलं वारं. मग नातवानंच ते काम अंगावर घेतलं.

जूनच्या आधी दोनदा रात्री जाऊन आलो. साडेआठला भिंतीवर हात ठेवला आणि पन्नासपर्यंत मोजून कंटाळलो. आक्कानं पाण्याचा माठ त्या भिंतीजवळ आणला होता. नातू पाठ टेकून अभ्यास करत होता, तसाच जसे आम्ही ढेलजेत बसायचो. मुलानं एसीचं नाव काढलं नाही.

या जानेवारीत कुडाला मातीचा हात द्यायचा म्हणून पुन्हा गेलो. सकाळचे सात, थंडी कडक, अंगणात शेकोटी. आत गेलो तर खाट अजून रात्रीच्याच जागी होती. भिंतीपासून हातभर.

“आक्का, आता तर भिंत गार पडलीय. थंडीत तरी खाट लावून घ्यायची.”

ती चुलीपाशी चहा गाळत होती. “माझं म्हायेर सास्तूरचं हाय,” ती म्हणाली, आणि कप माझ्यापुढं ठेवला.

मी चहा घेतला. बाहेर नातू माती तुडवायला खड्ड्यात उतरला होता आणि पाणी लई गार आहे म्हणून ओरडत होता. आक्का दाराशी येऊन उभी राहिली, कुडाच्या खालच्या कोपऱ्याकडं बोट केलं, तिथं झडीनं माती गेली होती आणि दोन तुराट्या उघड्या पडल्या होत्या.

“औंदा तुरी जळाल्या,” ती म्हणाली. “तुमच्याकडं हायत्या का तुराट्या? एक भारा पुरंल.”

मी उद्या आणतो म्हणालो, आणि नातवाला म्हटलं, तू हो बाजूला, भुस्कट अजून नीट कुजलेलं नाही.